सरकारी औषध खरेदी : घेणाऱ्यालाही शिकवा, देणाऱ्यालाही

आज आजाराऐवजी खरेदीबद्दल लिहितोय. डॉक्टरला याचं काय पडलंय, असं वाटेल. पण माझ्याकडे येणाऱ्या मधुमेहाच्या एका आजींचं वाक्य ऐका : "डॉक्टर, सरकारी दवाखान्यात साखर तपासायचं मशीन आहे म्हणं, पण पट्टी न्हाई."

प्रत्येक कंपनीच्या ग्लुकोमीटरला त्याच कंपनीची पट्टी लागते. निविदेत फक्त मशीनचा दर पाहिला आणि वर्षभराच्या पट्ट्यांचा हिशेब धरला नाही, की स्वस्त मशीन कपाटात पडून राहतं. अशा वेळी कुणी पैसे खाल्लेच असतील असं नाही. अनेकदा खरेदी करणाऱ्याला ते कुणी शिकवलेलंच नसतं.

आपल्याकडे खरेदीची जबाबदारी बहुधा वैद्यकीय अधिकारी, औषधनिर्माता किंवा लिपिकावर येते. एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत आणि नंतर एमडीला मला हृदयाचे ठोके ऐकायला शिकवलं, पण निविदेतल्या अटी कशा लिहायच्या हे एका तासातही शिकवलं नाही. रेबीजची लस २ ते ८ अंश तापमानात राहायला हवी. मग ती वाटेत कशी आणायची, पोचल्यावर तापमान कुणी तपासायचं, मुदत किती शिल्लक हवी, हे अटींमध्ये स्पष्ट नको का? उन्हाळ्यात आपल्या सोलापूर जिल्ह्यात पारा ४० च्या वर जातो, हे मुंबईत बसून अटी लिहिणाऱ्याच्या लक्षात राहीलच असं नाही.

चुकीची किंमत काय असते, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉल दिल्यामुळे मूत्रपिंडं निकामी होऊन १४ रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने चौकशी केली, तेव्हा खरेदीपासून औषध नियंत्रणापर्यंतचे दोष उघड झाले.

दुसरी बाजू पुरवठादाराची. सोलापूर चादरी, टॉवेल आणि गणवेशांसाठी प्रसिद्ध. इथला छोटा कारखानदार दवाखान्यांना उत्तम चादरी देऊ शकेल. पण जेम पोर्टलवर नोंदणी कशी करायची, कागद कुठले लावायचे, सूक्ष्म व लघु उद्योगांना अनामत रकमेत कुठे सूट मिळते, हे त्याला माहीत नसतं. एक कागद राहिला की निविदा बाद. मग तेच ते मोठे पुरवठादार उरतात.

तामिळनाडूने १९९४ मध्ये औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढलं. तिथे औषधांचे नमुने कंपनीचं नाव झाकून प्रयोगशाळेत पाठवतात. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन केलं. चांगलं पाऊल आहे. पण नुसती पाटी बदलून भागत नाही, माणसं तयार करावी लागतात.

माझं मत सरळ आहे. दरवर्षी जिल्ह्याच्या ठिकाणी खरेदी करणारे आणि पुरवठा करणारे यांना एकत्र बसवून प्रशिक्षण द्यावं. सर्वांसमोर, म्हणजे कुजबुजीला जागा नाही. आणि तिथे परिचारिकाही हवी. कुठली सुई वाकते आणि कुठल्या सलाईनच्या नळीतून गळतं, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. बिलं वेळेवर देण्याचा धडाही त्यातच असावा. पैसे अडकणार असतील, तर चांगला पुरवठादार पुन्हा येत नाही.

प्रशिक्षणाने लबाड माणूस सुधारणार नाही, हे मान्य. त्याला कायदाच लागतो. पण "मला माहीत नव्हतं" ही सबब तरी उरणार नाही.

तुम्ही काय कराल? सरकारी दवाखान्यात बाहेरून औषध आणायला सांगितलं, तर भांडू नका. काय संपलंय आणि मागणी कधी केली, हे शांतपणे विचारा, लिहून घ्या. रुग्ण कल्याण समितीत आपल्या गावाचं कोण आहे ते शोधा आणि त्यांच्या कानावर घाला. औषध आपल्याच कराच्या पैशातून येतं. मंडईत वांगी घेताना आपण चार वेळा उलटून पाहतो, इथेही तेवढं लक्ष हवंच.