ॲपमागे माणूस हवा

बडनेऱ्यात, जुनी वस्ती असो की नवी वस्ती, जिना चढताना मध्येच थांबणारे एखादे बुजुर्ग बहुतेक गल्लीत भेटतील. विचारले तर उत्तर ठरलेले, ‘उमर हो गई’. घरचेही तेच म्हणतात. पण धाप लागणे हे नेहमीच वयाचे लक्षण नसते. अनेकदा तो फुप्फुसांचा आजार असतो आणि त्यावर करण्यासारखे बरेच काही असते.

वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. पिंजारी-मन्सूरी घरांत पिढ्यान्पिढ्या रुई पिंजण्याचे आणि गाद्या भरण्याचे काम झाले. कापसाच्या धुळीमुळे होणाऱ्या आजाराला वैद्यकात ‘बिसिनोसिस’ म्हणतात. सुट्टीनंतर कामावर परतल्या दिवशी छाती आवळते, ही त्याची जुनी ओळख. त्यात वेल्डिंग, रंगाची फवारणी, बिडी यांची भर. बायकांच्या वाट्याला चुलीचा धूर आला. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये ‘लॅन्सेट’मधून सांगितले की, कधीही धूम्रपान न केलेल्यांनाही सीओपीडी होतो आणि त्यामागे चुलीचा धूर हे मोठे कारण आहे. एका अंदाजानुसार 2016 मध्ये भारतात सीओपीडीचे साडेपाच कोटी रुग्ण होते. टीबी बरा झाल्यावरही ज्यांची फुप्फुसे अधू राहिली, ते वेगळेच.

औषधांच्या जोडीला या रुग्णांना ‘पल्मनरी रिहॅबिलिटेशन’ म्हणजे फुप्फुसांचे पुनर्वसन लागते. ठरवून दिलेले चालणे, हातापायांचे व्यायाम, ओठ आवळून हळू श्वास सोडण्याचा सराव, पंप नीट ओढायला शिकणे, असे साधारण सहा ते बारा आठवडे चालते. निकामी झालेला भाग यामुळे परत येत नाही. मात्र स्नायूंना बळ येते, तेवढ्याच श्वासात माणूस जास्त चालतो आणि दवाखान्यात भरती होण्याची वेळ कमी येते. अडचण आहे ती पोहोचण्याची. बडनेऱ्याहून अमरावती सुमारे 10 किलोमीटर. आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, म्हणजे सोळा फेऱ्या. ज्याला ऑटोपर्यंत चालताना धाप लागते, त्याने त्या कशा करायच्या? आणि सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते ती वेगळीच.

इथे मोबाईल कामाला येतो. 2021 च्या कॉक्रेन आढाव्यात 15 अभ्यास आणि 1904 रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. फोन, व्हिडिओ कॉल किंवा वेबसाइटच्या मदतीने केलेल्या पुनर्वसनाचा परिणाम केंद्रात जाऊन केलेल्या पुनर्वसनासारखाच दिसला. शिवाय दूरस्थ पद्धतीत 93 टक्के रुग्णांनी कार्यक्रम पूर्ण केला, केंद्रात 70 टक्क्यांनी.

हे आकडे वाचून आपल्यातले इंजिनिअर तरुण लगेच म्हणतील, चला, ॲप बनवू. माझी रोजीरोटी सॉफ्टवेअरवरच चालते, म्हणून स्पष्ट सांगतो, नव्या ॲपची घाई नको. त्या प्रयोगांत बहुधा पडद्यामागे एक प्रशिक्षित माणूस होता. तो फोन करत होता, व्यायाम वाढवत होता, गैरहजेरीची चौकशी करत होता. नुसती नोटिफिकेशन पाठवणारे ॲप आठवडाभरात डिलीट होते.

दुसरा प्रश्न, फोन कुणाचा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) देशात कधी तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया 33 टक्के, तर पुरुष 57 टक्के. चुलीचा धूर जिने खाल्ला, तिच्याच हाती फोन नाही. मुलगा कामावर गेला की व्यायामही त्याच्या खिशातून निघून जातो. म्हणून ॲपची पहिली कसोटी हीच असावी की, अक्षरओळख नसलेल्या खालाला ते वापरता येते का? आवाज मराठीत आणि आपल्या घरच्या बोलीत हवा, व्हिडिओत बाई हवी आणि नेट नसतानाही ते चालायला हवे. फिजिओथेरपिस्टने सांगितलेला व्यायाम तिच्याच आवाजात व्हॉट्सॲपवर आला, तरी बरेच काम होईल.

तिसरा मुद्दा माहितीचा. आजाराची नोंद ही खासगी बाब आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा पाया संमती आहे. व्यायामाच्या ॲपला आपली संपर्कयादी आणि लोकेशन कशाला हवे, हे विचारायची सवय लावून घ्यायला हवी. कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन सांगणाऱ्या ॲपवर तर अजिबात विसंबू नये. त्यासाठी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर वापरावा.

‘पाच वक्त की नमाज़ में वर्ज़िश हो जाती है’, असेही ऐकायला मिळते. नमाज ही इबादत आहे, ती औषधाच्या मात्रेसारखी मोजायची गोष्ट नव्हे. पुनर्वसनात दर आठवड्याला भार थोडा वाढवावा लागतो, ते काम वेगळे. उलट ज्यांना आज खुर्चीवर बसून नमाज पढावी लागते, त्यांच्यातल्या काहींना पुनर्वसनाने पुन्हा उभे राहता येईल. तसेच रमजानमध्ये मनाने पंप बंद करू नये. रोजा आणि औषधाच्या वेळा यांबद्दल महिनाभर आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

मग आपण काय करायचे? मोहल्ल्यातल्या दहा-बारा रुग्णांची आधी इर्विनमध्ये किंवा आपल्या डॉक्टरकडे तपासणी करून घ्यावी. व्यायाम सुरक्षित आहे का आणि ऑक्सिजन किती खाली गेला की थांबायचे, हे कागदावर लिहून आणावे. छातीत दुखले की लगेच थांबायचे. अमरावतीतल्या एखाद्या फिजिओथेरपिस्टला महिन्यातून दोनदा व्हिडिओवर बोलण्याची विनंती करावी. प्रत्येक रुग्णामागे एक तरुण किंवा तरुणी असावी, स्त्रियांसाठी मुलीच. काम एवढेच, आठवड्यातून दोनदा घरी जाणे, व्हिडिओ लावून देणे, पावले लिहून ठेवणे. वऱ्हाडातला उन्हाळा पाहता चालायची वेळ फजरनंतरची बरी. सुरुवातीला आणि शेवटी एका मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता येते, हे मोजावे. आकडा वाढला तर जुम्म्याला मशिदीबाहेर नावे न घेता सांगावा. नाही वाढला तर डॉक्टरांना सांगावा.

अभियांत्रिकी महाविद्यालय बडनेऱ्यातच आहे, मोबाईल जवळपास घरोघरी आहेत. उणीव आहे ती आठवड्यातून दोनदा दार वाजवणाऱ्याची, आणि ते काम कुणी डाउनलोड करून देणार नाही.