नागीण जाते, आग राहते

या वेळी हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेवर लिहायचे ठरवले होते. ते पुढच्या अंकात. परवा कारंज्याला आमच्या कचेरीत जवळच्या खेड्यातले एक कास्तकार आले. बियाण्याची चौकशी झाली, तरी उठेनात. मग हळूच म्हणाले, "साहेब, नागीण होऊन पाच महिने झाले. खपल्या पडल्या, पण बरगडीची आग जात नाही. पोरगा म्हणतो, बाबाले आता कामाचा आळस आला."

मी त्यांना चहा सांगितला. हे दुखणे माझेही आहे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या बरगडीवर पुरळ उठले. बोंडअळी दिसताच उपाय करा, असे गावोगाव सांगत फिरणारा मी, स्वतः मात्र आठ दिवस गेरूचा लेप लावून बसलो. नागीण कांजिण्यांच्याच विषाणूमुळे होते. लहानपणी कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो शिरेच्या मुळाशी दडून राहतो आणि वय झाले, शरीर थकले की पुन्हा उठतो. एकाच शिरेच्या वाटेने पसरतो, म्हणून पुरळ बहुधा अंगाच्या एकाच बाजूला दिसते. तोंड-शेपूट जुळली की माणूस जातो, ही नुसती भीती. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूवरचे औषध सुरू व्हावे. डोळ्याजवळ उठले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पन्नाशीपुढच्यांसाठी आता लसही निघाली आहे. दोन डोस असतात, पण महाग पडते.

तीन महिन्यांनंतरही आग राहिली तर दोष कातडीत नसतो, शिरेत असतो. उंदराने कुरतडलेली मोटारीची वायर जशी जरा हलली तरी ठिणगी टाकते, तसा सदरा घासला तरी निखारा ठेवल्यासारखा वाटतो. बाहेरून काहीच दिसत नाही, तिथेच घरच्यांची फसगत होते. अंगदुखीच्या साध्या गोळ्यांना हे दुखणे फारसे दाद देत नाही. डॉक्टर शिरेच्या दुखण्याची वेगळी औषधे थोड्या मात्रेपासून वाढवत देतात. त्यांनी गुंगी येते. तेव्हा ट्रॅक्टर चालवू नये, विहिरीत उतरू नये, आणि गोळ्या मनाने एकदम बंदही करू नयेत.

बाकी रोजचे मार्ग आपले आपण शोधायचे. सौ.ने जुन्या मऊ धोतराचे सैल सदरे शिवून दिले, तेच आत घालतो. माझी आग संध्याकाळी वाढते, म्हणून शिवारफेरी सकाळीच आटोपतो.

वरोऱ्याच्या आनंदवनाचे बाबा आमटे यांचा आजार वेगळा, मणक्याचा. त्यांना धड बसता येत नसे. उभे राहायचे, नाहीतर आडवे व्हायचे. तशात १९८५ साली त्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा काढली. दुखणे गेल्यावर काम करू असे म्हणत बसले नाहीत. काम दुखण्याभोवती बेतले.

त्या कास्तकारांना म्हटले, उद्या सरकारी दवाखान्यात मुलालाही सोबत न्या. डॉक्टरांच्या तोंडून त्याला ऐकू द्या. सोमवारी मुलगा एकटाच भेटायला आला. फवारणीचा पंप आता तोच पाठीवर घेतो. बाबांना सकाळची कापूसवेचणी जमेल का, म्हणून विचारत होता. मी सांगितले, जमेल, पण वेचणीची ओटी दुखऱ्या बाजूला बांधू नका, टोपली द्या.