कोरी वही, एक पेन

28 जून 2024 च्या सकाळी साडेसहाला, म्हणजे अटलांटातल्या आदल्या रात्री, अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या चर्चेत जो बायडेन आणि डोनाल्ड ट्रम्प समोरासमोर उभे राहिले. उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या ज्या मराठी घरांतली मुले अमेरिकेत आहेत, तिथे अशा दिवशी पोह्यांच्या आधी टीव्ही लागतो. नव्वद मिनिटे संपतात आणि टॉवर चौकापर्यंत एकच प्रश्न फिरतो : जिंकले कोण? त्या दिवशी उत्तर देताना कोणाला विचार करावा लागला नाही. बायडेन हरले होते.

पण हे उत्तर फारसे कामाचे नाही. सीएनएनने चर्चा पाहिलेल्या मतदारांना लगेच कौल विचारला, तेव्हा 67 टक्के ट्रम्प यांच्या बाजूने होते, 33 टक्के बायडेन यांच्या. सप्टेंबरात फिलाडेल्फियात बायडेन यांच्या जागी कमला हॅरिस उभ्या राहिल्या आणि त्याच वाहिनीच्या पाहणीत 63 विरुद्ध 37 ने सरस ठरल्या. नोव्हेंबरात त्या निवडणूक हरल्या. 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांनीही पहिली चर्चा अशीच 62 विरुद्ध 27 ने जिंकली होती. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. प्रेक्षकांचा कौल त्या रात्रीपुरता खरा असतो. मतपेटीत काय पडेल ते त्यावरून कळत नाही. राज्य कोण नीट करील हे तर मुळीच कळत नाही.

मग या चर्चेतून मिळते काय? अटलांटाच्या नियमांत एक कलम होते. उमेदवाराला एक पेन, एक कोरी वही आणि पाण्याची एक बाटली मिळेल. लिहून आणलेला कागद चालणार नाही. मधे जाहिराती लागल्या तरी सल्लागारांशी बोलता येणार नाही. टाळ्या वाजवायला समोर कोणी नसेल. दुसऱ्याची पाळी असेल तेव्हा माइक बंद राहील.

सगळे मोल या कलमात आहे. सत्तेतल्या माणसावर अशी वेळ एरवी येतच नाही. त्याचे भाषण दुसरा लिहितो, आकडे तिसरा पुरवतो, आणि अडचणीचा प्रश्न आला की पत्रकार परिषद आवरती घेणारा चौथा शेजारीच उभा असतो. बायडेन यांच्या वयाबद्दल काळजीचे कारण नाही, असे त्यांच्या भोवतीची माणसे कितीतरी महिने सांगत होती. पाच कोटींहून अधिक अमेरिकनांनी नव्वद मिनिटे स्वतः पाहिले आणि ते सांगणे तिथेच संपले. 24 दिवसांनी, 21 जुलैला, बायडेन यांनी माघार घेतली.

जिंकलेल्या उमेदवाराचीही त्या रात्री झडती झालीच. निवडणुकीचा निकाल मान्य कराल का, हा प्रश्न ट्रम्प यांना पुन्हा पुन्हा विचारावा लागला. शेवटी ‘निवडणूक न्याय्य आणि कायदेशीर झाली तर’ अशी अट घालूनच त्यांनी होकार दिला. 67 टक्क्यांच्या आकड्यात हे उत्तर कुठेच दिसत नाही. पण ते देशाने ऐकले आणि ते नोंदले गेले. हार-जीत मोजत बसलेल्या प्रेक्षकाच्या हातून नेमके हेच निसटते. त्याला कुस्तीचा निकाल हवा असतो. मतदाराला मात्र माणूस पाहायचा असतो.

आता आपल्याकडे पाहू. उज्जैनने लोकसभेसाठी मतदान केले ते 13 मे 2024 रोजी, अटलांटातल्या चर्चेच्या दीड महिना आधी. त्या मतदानाच्या चारच दिवस आधी न्यायमूर्ती मदन लोकूर, न्यायमूर्ती अजित शहा आणि पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी या दोघांना पत्र लिहून जाहीर चर्चेचे निमंत्रण दिले. राहुल गांधींनी होकार कळवला. दुसऱ्या बाजूने भारतीय जनता युवा मोर्चाच्या एका उपाध्यक्षाचे नाव पुढे आले. चर्चा झाली नाही. त्यावरून फ्रीगंजमध्ये काय किंवा देशात काय, मतदार फारसा अस्वस्थ झाल्याचे दिसले नाही. बायडेन कुठल्या वाक्यावर अडखळले ते आपल्याला सांगता येते. आपले मत मागणारा लिहिलेल्या भाषणाशिवाय किती वेळ टिकेल, हे मात्र आपण कधी विचारलेले नाही.

आपल्याकडे संसदीय पद्धत आहे, आपण पंतप्रधान थेट निवडत नाही, असे उत्तर यावर नेहमी मिळते. ब्रिटनमध्येही संसदीय पद्धतच आहे. 4 जून 2024 ला आपल्याकडे मतमोजणी चालू होती, त्याच दिवशी तिथे ऋषी सुनक आणि कीर स्टार्मर टीव्हीवर समोरासमोर आले. यूगव्हच्या पाहणीत प्रेक्षकांनी 51 विरुद्ध 49 ने सुनक यांना कौल दिला. महिन्याभरात स्टार्मर पंतप्रधान झाले. संसदीय पद्धत तिथे कोणाच्या आड आली नाही.

आणि उज्जैनपुरते बोलायचे तर ही सबब आणखीच लंगडी पडते. इथला महापौर जुलै 2022 मध्ये लोकांनी थेट निवडला. भाजपचे मुकेश टटवाल काँग्रेसचे महेश परमार यांच्याविरुद्ध 736 मतांनी निवडून आले. एवढ्या मोठ्या शहराचा फैसला 736 मतांवर! एवढी मते तर फ्रीगंजच्या चार गल्ल्यांत भरतील. त्या निवडणुकीत दोघांनी एका मंचावर येऊन लोकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत, असे बंधन कोणावरही नव्हते. सभा झाल्या, मिरवणुका निघाल्या, घराघरांत हात जोडले गेले. हात जोडणाऱ्या माणसाला उंबऱ्यावर थांबवून दुसरा प्रश्न विचारणे आपल्याला जड जाते. पहिल्या उत्तरानंतर लगेच येणाऱ्या या दुसऱ्या प्रश्नासाठीच मंच लागतो.

विचारण्यासारखे कमी आहे असेही नाही. कान्ह नदीचे घाण पाणी क्षिप्रेत मिसळणे कधी थांबेल आणि नाही थांबले तर जबाबदार कोण? 2028 च्या सिंहस्थासाठी जे उभारले जाईल, त्याची देखभाल मेळा उठल्यावर कोण करील आणि कशातून? फ्रीगंजच्या पुलावरची कोंडी फोडण्याचा वायदा कोणत्या तारखेचा? यातल्या एकाही प्रश्नाला घोषणा हे उत्तर होत नाही. कोणी तरी कागदाशिवाय बोलावे लागते आणि न जमले तर ते सर्वांसमोर न जमावे लागते.

पुढची महापालिका निवडणूक 2027 मध्ये यायची आहे. तिच्यात अशी चर्चा घडवायला अमेरिकेची वाहिनी लागत नाही. शहरातली एखादी संस्था, एक सभागृह, वेळ पाळायला लावणारा एक खमका सूत्रसंचालक आणि कोऱ्या वहीचे ते कलम, एवढे पुरते. ज्याला यायचे नसेल त्याची खुर्ची रिकामी ठेवावी आणि ती का रिकामी आहे हे मतदानाच्या दिवसापर्यंत विचारत राहावे. त्या संध्याकाळी कोण जिंकले याची पाहणी कोणी घेतली नाही तरी चालेल. उमेदवार आले पाहिजेत, एवढा आग्रह मात्र फ्रीगंजच्या मतदाराने धरलाच पाहिजे. मत आपले आहे. ते देण्याआधी माणूस पारखून घेणे हा आपला हक्क आहे, आणि तो आपण मागितल्याशिवाय कोणीही आणून देणार नाही.