दशांशाचं टिंब आणि आपली जमीन



या पत्रकात आपण दावे, मोजणी, वनखात्याच्या नोटिसा आणि मोर्चे यांच्याबद्दल लिहितो. या वेळी मी पाचवी ते सातवीच्या गणिताबद्दल लिहितोय. काही जण म्हणतील, हे गुरुजींचं काम, संघटनेचं नाही. मला तसं वाटत नाही. आपल्या पोरांना अपूर्णांक आणि दशांश नीट येत नाहीत, तोवर हातात आलेला पट्टासुद्धा आपल्याला वाचता येणार नाही. आणि जो कागद वाचता येत नाही, त्याच्यावर भांडता कसं येणार?

साधं उदाहरण घ्या. समजा एका कुटुंबाची कसवणूक अडीच एकर आहे. म्हातारी माणसं सांगतात, "दोन एकर वीस गुंठे." कोणीतरी ते कागदावर २.२० असं लिहितो. शाळेतल्या पद्धतीने एकरात लिहिलं तर ते २.५ होतं. मोजणीच्या कागदावर तीच जमीन १.०१.१७ अशी येते, म्हणजे १ हेक्टर, १ आर, १७ चौरस मीटर. आकडे तीन, जमीन एकच. सातवी शिकलेल्या पोराला विचारा, यात जास्त जमीन कुठली? बहुतेक जण गोंधळतील. त्यांची चूक नाही, त्यांना हे कोणी दाखवलेलंच नाही.

यातली गोम टिंबात आहे. एकराचे ४० गुंठे. म्हणून २.२० मधले वीस हे चाळीसातले वीस, म्हणजे अर्धा एकर. तिथलं टिंब दशांशाचं नाहीच. हेक्टरचे मात्र १०० आर आणि आरचे १०० चौरस मीटर. म्हणून सातबाऱ्यावरची टिंबं शंभराच्या हिशोबाने चालतात. टिंब दिसायला सारखंच, पण एका ठिकाणी चाळीस बोलतं आणि दुसऱ्या ठिकाणी शंभर.

आता उलट बाजूने बघा. अडीच एकराचा दावा केला आणि पट्ट्यावर ०.२५.०० आलं. घरातला माणूस "पंचवीस" ऐकतो आणि अडीच एकर मिळाली असं समजून खुशीत घरी जातो. खरं म्हणजे त्याला २५ आर मिळाले. ते २५ गुंठेही पुरते भरत नाहीत. पाऊण एकरसुद्धा नाही. वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या नियमांप्रमाणे उपविभागीय समितीच्या निर्णयावर जिल्हा समितीकडे दाद मागायला ६० दिवस असतात. कमी मिळालंय हे कळायलाच वर्ष लागलं, तर ते ६० दिवस कुठे गेले?

शून्याचंही तसंच. ०.८ हेक्टर म्हणजे ८० आर, जवळजवळ दोन एकर. ०.०८ हेक्टर म्हणजे ८ आर, आठ गुंठ्यांनाही जरा कमी. एका शून्यामागे ७२ आर जमीन गेली. ते शून्य चुकून पडलं की मुद्दाम पाडलं, हा पुढचा प्रश्न. आधी ते दिसलं पाहिजे.

आमच्या नालासोपाऱ्यात हे रोजचं आहे. पूर्वेला डोंगराच्या बाजूचे पाडे आता चाळींनी वेढलेत. जमीन घेणारा गुंठ्याने बोलतो आणि खोली विकताना चौरस फुटाने बोलतो. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. त्याचा पाव म्हणजे साधारण २७२. म्हणजे २७० फुटांची एक खोली पाव गुंठ्यात बसते. हा हिशोब ज्याला तोंडी येतो, त्याला आपल्या एका गुंठ्याची किंमत काय ते सांगावं लागत नाही. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय देता येत नाही, हे महसूल संहितेच्या कलम ३६-अ मध्ये आहेच. पण कायदा कागदावर आणि आकडा दलालाच्या तोंडात, अशी आपली गत आहे.

मग शाळेत काय चालतं? फळ्यावर गोल काढतात, त्याचे चार भाग करतात, एक भाग रंगवतात. वरचा अंश, खालचा छेद. पोरं वहीत उतरवतात. पुढच्या आठवड्यात बेरजेची रीत. त्याच्या पुढे दशांश. रीत पाठ होते, पण आकडा केवढा आहे हे डोक्यात येत नाही. म्हणून पोरगं सांगतं, १/८ मोठा आणि १/४ लहान, कारण आठ चारापेक्षा मोठे. ०.२५ हे ०.३ पेक्षा मोठं, कारण पंचवीस तिनापेक्षा जास्त. १/२ आणि १/३ ची बेरीज २/५. त्याच पोराला अर्धी भाकर आणि वर तिसरा हिस्सा भाकर हातात द्या आणि विचारा, हे अर्ध्या भाकरीपेक्षा जास्त की कमी? ते हसेल. पण २/५ तर अर्ध्यापेक्षा कमी आहे. भाकरीत जे दिसतं ते फळ्यावर दिसत नाही.

ही अडचण फक्त आपल्या पोरांची नाही. २०२२ च्या असर अहवालात देशभरातल्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या साधारण चारातल्या एकालाच भागाकार जमत होता. म्हणजे पाव वर्ग. ज्याला भागाकार जमत नाही त्याला अपूर्णांक कुठून जमणार? तेव्हा "आदिवासी पोरांचं गणित कच्चंच" असं कोणी म्हटलं, तर त्याला सांगा, पाऊण देशाचं कच्चं आहे, आमच्याच पोरांना का बोलता? आपली अडचण जास्त आहे ती वेगळ्या कारणाने. दिवाळीनंतर घरं वीटभट्टीवर जातात, पोरंही जातात, परत येतात ती पावसाच्या तोंडावर. तोवर वर्ग अपूर्णांक ओलांडून पुढे गेलेला असतो. पुढच्या वर्षीही तेच. असं दोनतीन वर्षं झालं की पोरगं वर्गात बसूनही बाहेरच असतं.

पण आपली पोरं रिकाम्या हाताने शाळेत जात नाहीत. मराठीत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन असे शब्द आहेत आणि बाजारात जाणाऱ्या पोराला ते सगळे कळतात. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी म्हणायला लावत. घरातल्या म्हाताऱ्यांना चिपटं, मापटं, शेर, पायली माहीत आहे. चिपटं पाव शेर, मापटं अर्धा शेर, चार शेरांची पायली. एक चिपटं आणि एक मापटं मिळून पाऊण शेर. ही १/४ आणि १/२ ची बेरीजच आहे. छेद समान करायचा म्हणजे मापट्याची दोन चिपटी करायची, एवढंच.

आपल्या लढ्याचा इतिहासही याच शब्दांत आहे. अर्धेलीने जमीन कसायची म्हणजे अर्धं पीक मालकाच्या घरी. १९४५ मध्ये तलासरीजवळ झरी गावात हजारो वारली जमले आणि रोजाला बारा आणे मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर जाणार नाही असं ठरवलं. सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे बारा आणे पाऊण रुपया. त्या लोकांना शाळा मिळाली नव्हती. पण पाव कुठे संपतो आणि पाऊण कुठे होतो, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. आपले शब्द चौथ्या हिश्श्यापर्यंत चांगले चालतात, दहाव्या आणि शंभराव्या हिश्श्यासाठी ते पुरत नाहीत. पूर्वी रुपयाचे शंभर पैसे हाताळताना पोरांना शंभरावा भाग कळायचा. १९५७ पासून शंभर पैशांचा रुपया आला, पण आता दहा पैसे, पंचवीस पैसे कोणी बघतसुद्धा नाही. म्हणून दशांशासाठी दुसरं काहीतरी हाताशी पाहिजे. माझ्या मते ते जमीनच आहे.

पाड्यावर संध्याकाळच्या वर्गात आम्ही असं करतो. दहा मीटरची दोरी घ्यायची आणि चार खुंट्या ठोकून दहा बाय दहाचा चौकोन आखायचा. हा एक आर. पोरांनी त्यात उभं राहायचं. असे दहा आर एका ओळीत धरले की हेक्टरचा दहावा भाग, ०.१. अशा दहा ओळी म्हणजे एक हेक्टर. पूर्ण हेक्टर आखायला मैदान पुरत नाही, म्हणून पुढचं जमिनीवर खडूने शंभर चौकटी काढून करायचं. पंचवीस चौकटी रंगवा, तीस रंगवा. ०.२५ मोठं की ०.३, हे मग सांगावं लागत नाही. ०.०८ म्हणजे आठ चौकटी, ०.८ म्हणजे आठ ओळी. एकदा हे डोळ्यांनी पाहिलेलं पोरगं शून्याला फसत नाही.

आणि गुंठा व आर जवळजवळ सारखेच, गुंठा जरासा मोठा. म्हणून ०.४० हेक्टर म्हणजे साधारण एक एकर, आणि कायद्यातली ४ हेक्टरची मर्यादा म्हणजे जवळजवळ दहा एकर. एवढा अंदाज प्रत्येक घरात एकाला तरी आला पाहिजे. रेशनच्या काट्यावरही तेच. अंत्योदयच्या ३५ किलोऐवजी काट्यावर ३४.५ दिसलं, तर ते ३४ किलो ५ ग्रॅम नाही, साडेचौतीस किलो आहे. अर्धा किलो कमी. हे तिथल्या तिथे बोलता आलं पाहिजे.

काही जण म्हणतात, आता मोबाईल आहे, हिशोब तो करतो. करतो, बरोबर करतो. पण तुम्ही ०.८ च्या जागी ०.०८ टाकलं तर तो त्याचाही बरोबर हिशोब करून देतो. आकडा पटण्यासारखा आहे का, हे माणसालाच कळावं लागतं. दुसरे म्हणतात, पायली-गुंठा शिकवत बसलात तर परीक्षेचं काय? पायलीवर थांबा असं मी म्हणत नाही. पायलीपासून सुरू करा आणि १/४, ०.२५ पर्यंत या. लिहिण्याची रीत पाहिजेच, कारण तहसील कचेरीत चिपटं चालत नाही.

आपल्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं चारणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा चालवली. पोरगं शाळेत येत नाही तर शाळा पोराकडे नेली. तेच आता गणिताचं करायचं आहे.

म्हणून आपल्या मागण्या अशा असाव्यात. पाड्यांजवळच्या प्रत्येक शाळेत काटा, मोजपट्टी, लिटरची मापं आणि दहा मीटरची दोरी असावी आणि ती कपाटाबाहेर असावी. भट्टीवरून परतलेल्या पोरांना अपूर्णांक पहिल्यापासून शिकवावेत, वर्ग पुढे गेला म्हणून सोडू नयेत. हंगामी वसतिगृहं कागदावर आहेत, ती पहिलं घर भट्टीवर निघायच्या आधी सुरू व्हावीत. शाळा व्यवस्थापन समितीत आपले जे आईबाप आहेत, त्यांनी पुढच्या बैठकीत हे लेखी द्यावं.

आणि आपण स्वतः एक करायचं. पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येक घराने आपला पट्टा किंवा सातबारा आणावा, आणि सोबत पाचवीच्या पुढचं एक पोरगं किंवा पोरगी आणावी. क्षेत्राचा रकाना तिनेच मोठ्याने वाचायचा, हेक्टर, आर, चौरस मीटर. मग एकर-गुंठ्यात सांगायचं. मग घरच्यांनी सांगायचं, कसतो किती. जिथे दोन आकडे जुळत नाहीत, ती घरं त्याच दिवशी वेगळ्या यादीत लिहू. पुढच्या अर्जांची सुरुवात त्या यादीपासून करू.

जिंदाबाद!