गळतीचा ताळेबंद



पावसाळ्यापूर्वी आपण घराचे छप्पर आठवणीने पाहून घेतो. दाराशी उभ्या असलेल्या जुन्या गाडीच्या काचेकडे मात्र पाणी आत येईपर्यंत कोणाचेच लक्ष जात नाही. आमच्या थोरल्या बंधूंकडे वडिलांच्या काळातील गाडी अद्याप आहे. गेल्या वर्षी आषाढात तिच्या डाव्या बाजूचा गालिचा रोज सकाळी ओला सापडू लागला. मी तत्काळ निष्कर्ष काढला की, चालक रात्री काच खाली ठेवून जात असावा. चारचौघांत त्याला बोललोही. "साहेब, काच मी रोज वर करूनच जातो," एवढेच तो म्हणाला आणि मान खाली घालून उभा राहिला.

पुढे काच बंद असतानाही पाणी आले, तेव्हा मी दुसरी घाई केली. थेंब खाली पडतो, म्हणजे छिद्रही खालीच असणार, असे समजून समोरच्या काचेच्या खालच्या कडेला घरगुती सिलिकॉन भरपूर लिंपले. गळती थांबली नाही.

त्या काळच्या फियाट, अ‍ॅम्बॅसेडर अशा गाड्यांची समोरची काच रबराच्या चौकटीत बसवलेली असे. रबराच्या एका खाचेत काच आणि दुसऱ्या खाचेत पत्र्याची कड. उन्हाने हे रबर कडक होते, आकसते आणि कोपऱ्यांत मागे सरते. मग पाण्याला तीन वाटा मिळतात : काच आणि रबर यांमधून, रबर आणि पत्रा यांमधून, किंवा रबराखाली गंजून पडलेल्या छिद्रातून. आत शिरलेले पाणी बाजूच्या खांबातून डॅशबोर्डमागे उतरते आणि शेवटी गालिच्यावर पडते. प्रवेश एकीकडे, प्रकटीकरण दुसरीकडे!

बँकेत रोकड जुळली नाही, तर रोखपालाकडे बोट दाखवण्याआधी आम्ही एकेक व्हाउचर तपासत असू. येथे तोच नियम मी विसरलो होतो. अखेर एका कोरड्या रविवारी चालकाला सोबत घेऊन रीतसर तपास केला. गालिचे काढून सर्व भाग कोरडा केला आणि जमिनीवर वर्तमानपत्रे अंथरली. तो टॉर्च घेऊन आत बसला. मी बाहेरून नळीने संथ धार सोडली. जोराचा फवारा टाळावा, कारण तो एरवी न गळणाऱ्या जागेतूनही पाणी आत ढकलतो. धार नेहमी खालून वर न्यावी. आधी वरून पाणी सोडले, तर ते सर्व कडांवरून ओघळते आणि दोष कोठे आहे हे उमगत नाही. प्रत्येक टप्प्यावर पाच-दहा मिनिटे थांबावे. वायपरच्या दांड्यांची बुडे, काचेखालील हवेची जाळी आणि दारांची रबरे हीही स्वतंत्रपणे तपासावीत. तेथील पाणीही त्याच गालिच्यावर येऊ शकते.

खालची कड कोरडी राहिली, बाजूही कोरडी राहिली. धार डाव्या वरच्या कोपऱ्यावर नेली आणि काही मिनिटांत आतून आवाज आला, "साहेब, खांबावरून ओघळ आला!"

रबर मऊ आणि अखंड असेल, तर कड हलकेच उचलून आतील माती काढावी, भाग पूर्ण कोरडा करावा आणि काचेसाठी मिळणारे, कडक न होणारे सीलंट निमुळत्या नळीने रबराच्या ओठाखाली भरावे. आमचे रबर तडकलेले होते. ते बदलण्यावाचून गत्यंतर नव्हते. कारागिराने काच उतरवली, तेव्हा माझ्या सिलिकॉनचा प्रताप दिसला. त्याने खालची वाट बुजवून पाणी आतच अडवले होते. शिवाय सुकताना ज्याला व्हिनेगरसारखा उग्र वास येतो, ते सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंज आणते. गंज घासून, प्रायमर आणि रंग लावून, नवे रबर काचेभोवती चढवले. रबराच्या खाचेत दोरी घातली, साबणाचे पाणी लावले. एकाने बाहेरून काच दाबली, दुसऱ्याने आतून दोरी हळूहळू ओढली आणि रबराचा ओठ पत्र्यावर बसत गेला. हे काम अनुभवी हातांचेच. कोपऱ्यात जोर अधिक झाला, तर काच तडकते. अलीकडच्या गाड्यांत काच चिकटद्रव्याने बसवलेली असून ती गाडीच्या मजबुतीचाही भाग असते. तेथे घरगुती प्रयोग करूच नयेत.

दुसऱ्या दिवशी मुसळधार पाऊस झाला. गालिचा कोरडा होता. पेढीवर ज्या चारचौघांसमोर मी चालकाला बोललो होतो, त्यांच्यासमोरच त्याची क्षमा मागितली. तो संकोचून म्हणाला, "जाऊ द्या साहेब, काच तर बसली ना नीट?"

काचेचे रबर बाजारात मिळाले. चारचौघांत दुखावलेले मन मात्र दुकानात दुरुस्त होत नाही. म्हणून गळती दिसताच प्रथम धार सोडून पाहावी, शब्द नंतर सोडावेत.