घरगुती विज्ञान : दोनशें खणांची तार

आमच्या बुलढाण्याच्या घरीं सासूबाईंचा मिरजेचा तंबोरा कित्येक वर्षें खोळींत पडून होता. संधिवातानें बोटें आंखडलेलीं. खुंट्या पिरगळवत नाहींत, म्हणून त्यांचें गाणेंच सुटलें होतें. संगणकशास्त्र शिकणारा आमचा पुतण्या दिवाळीच्या सुटींत आला, तो म्हणाला, "आजी, मी तुला तार गणितांतून काढून देतों."

ही युक्ति कार्प्लस व स्ट्राँग या संशोधकांनीं १९८३ सालीं प्रसिद्ध केली. दोनशें खणांची रांग कल्पून प्रत्येकांत वाटेल तो आंकडा टाकावयाचा. पहिला आंकडा ध्वनिक्षेपकाकडे धाडावयाचा, आणि त्याची व शेजारच्याची सरासरी रांगेच्या शेवटीं ठेवावयाची. इतकेंच! सेकंदास ४४,१०० आंकडे या रीतीनें बाहेर पडले, कीं सुमारें २२० कंपनांचा षड्ज निघतो. आरंभींची खरखर बोटाच्या आघातासारखी भासते. पुढें सरासरीनें खडबडीतपणा झिजून स्वर मृदु होत मावळतो. मंद्र पंचमास खण २६७, खर्जास ४००.

पहिल्या दिवशीं मात्र स्वर मधूनमधून तुटे. संगणकास ५१२ आंकड्यांचा घाणा १२ सहस्रांश सेकंदांत द्यावा लागे. क्षणाचा उशीर झाला, कीं 'टक्' असा आवाज येई. पंगत बसली असतां पोळ्या लाटणारीचा हात थांबावा, तसाच हा प्रकार! मग घाणा ४,०९६ आंकड्यांचा केला. त्यामुळें ध्वनि सुमारें ९३ सहस्रांश सेकंद उशिरा निघूं लागला. तबल्यास हें खपलें नसतें, तंबोऱ्यास खपतें.

सासूबाईंनीं ऐकलें व म्हणाल्या, "स्वर खरा आहे रे, पण जवारी नाहीं." त्यांचा कान चुकला नव्हता. तार छेडण्याच्या जागेमुळें जे उपस्वर उमटूं नयेत, तेही तंबोऱ्याच्या रुंद घोडीमुळें उमटतात, हें चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ सालींच दाखविलें आहे. आमच्या दोनशें खणांना तशी घोडी कोठली?

तरीहि त्या सायंकाळीं त्यांनीं डोळे मिटून यमन आळविला. दुसऱ्या दिवशीं नातीस समोर बसवून खोळींतला तंबोरा तिच्या हातीं दिला. "यंत्राचा षड्ज ऐक, पण खुंटी तूं पिळ," असें त्यांनीं तिला बजावलें. गणितानें आजींचें गाणें परत दिलें खरें. तें पुढच्या पिढींत जाण्यास मात्र नातीचाच कान तयार व्हावयास हवा.