प्रमाणपत्रावरची सही

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २३ जून २०२२ रोजी ब्रुएन खटल्याचा निकाल सहा विरुद्ध तीन मतांनी दिला. हँडगन लपवून बाळगण्याचा परवाना मागणाऱ्याने आपली खास गरज सिद्ध केली पाहिजे, हा न्यूयॉर्कचा नियम त्यामुळे रद्द झाला आणि अधिकाऱ्याच्या मर्जीने परवाना देण्याची पद्धत मोडीत निघाली. पार्श्वभूमीची तपासणी आणि शस्त्रसुरक्षेचे प्रशिक्षण यांसारख्या ठरावीक अटींना मात्र न्यायालयाने धक्का लावला नाही. आपल्या, म्हणजे शस्त्र प्रशिक्षकांच्या, व्यवसायासाठी याचा अर्थ सरळ आहे. परवाना अधिकाऱ्याच्या निर्णयातला मोठा भाग आता प्रशिक्षकाच्या सहीवर येऊन ठेपला आहे. अर्जदार परराज्यातला असेल तर ही जबाबदारी आणखी वाढते. त्याचा अर्ज तपासणाऱ्या कार्यालयापुढे फक्त बोटांचे ठसे आणि कागद असतात. त्याला पिस्तूल हाताळताना पाहिलेला माणूस प्रशिक्षकच.

अनिवासी, म्हणजे परराज्यातल्या अर्जदाराला मिळणाऱ्या, परवान्यासाठी राज्याराज्यांनी घातलेल्या प्रशिक्षणाच्या अटींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. युटामध्ये तिथल्या सरकारने प्रमाणित केलेल्या प्रशिक्षकाकडून शस्त्र भरणे, रिकामे करणे, ठेवणे, बाळगणे आणि बळाच्या वापराचा कायदा एवढे शिकावे लागते. एकही गोळी झाडावी लागत नाही. फ्लोरिडात विद्यार्थ्याने प्रशिक्षकाच्या समक्ष खरी गोळी झाडलीच पाहिजे आणि आपण ते पाहिल्याची नोंद प्रशिक्षकाने जपून ठेवली पाहिजे. व्हर्जिनियाने १ जानेवारी २०२१ पासून ऑनलाइन वर्ग मानणे बंद केले. मेरीलँडमध्ये पहिल्या अर्जासाठी १६ तास आणि नूतनीकरणासाठी ८ तासांचे शिक्षण लागते. न्यू हॅम्पशायर प्रशिक्षणाची अटच घालत नाही.

एवढी तफावत असली की अर्जदार सर्वांत सोपी वाट शोधतो. ‘सर्वांत कमी वेळात प्रमाणपत्र कुठले मिळेल?’ हा प्रश्न प्रत्येक प्रशिक्षकाला परिचयाचा आहे. त्याला नुसते उत्तर देऊन मोकळे होणे हे आपले काम नव्हे. आधी विचारायला हवे, की तुम्हाला परवाना कोणत्या राज्यांसाठी हवा आहे आणि तिथे तो चालतो का? फ्लोरिडा, कोलोराडो आणि मिशिगन ही राज्ये दुसऱ्या राज्याचा परवाना मान्य करतात तो धारक त्या राज्याचा रहिवासी असेल तरच. युटाचा अनिवासी परवाना खिशात घेऊन कोलोराडोत शिरणाऱ्याला त्या कागदाचा उपयोग नाही. शिवाय अर्जदाराचे स्वतःचे राज्य युटाचा परवाना मान्य करत असेल, तर त्याच्याकडे आधी स्वतःच्या राज्याचा परवाना असावा लागतो. २०११ पासून युटाने ही अट घातली आहे. हे वर्गात सांगितले नाही, तर विद्यार्थ्याचे शुल्क आणि श्रम दोन्ही वाया जातात.

आज निम्म्याहून अधिक राज्यांत परवान्याशिवाय हँडगन बाळगता येते, मग अनिवासी परवान्याची गरजच काय, असेही विचारले जाते. त्याचे एक महत्त्वाचे उत्तर केंद्रीय कायद्यात आहे. शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत सार्वजनिक जागी भरलेले शस्त्र बाळगणे हा गुन्हा आहे आणि त्यातून सूट मिळते ती शाळा ज्या राज्यात आहे त्या राज्याने दिलेल्या परवान्याला. शहरातून गाडी चालवताना असे किती परीघ ओलांडले जातात, हे नकाशा पुढ्यात घेऊन दाखवावे. दुसऱ्या राज्याचा परवाना शेजारच्या राज्याने मान्य केला म्हणून ही सूट आपोआप मिळेल, असे कोणी गृहीत धरू नये.

आता मराठी माणसांविषयी. अमेरिकेतल्या आपल्या लोकांत विद्यार्थी, एच-१बी व्हिसावर काम करणारे आणि त्यांच्याकडे राहायला आलेले आई-वडील पुष्कळ असतात. अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना बंदूक किंवा काडतूस बाळगायला केंद्रीय कायद्याची बंदी आहे. वैध शिकार परवाना असणे यासारखे मोजके अपवाद सोडले, तर रेंजवर भाड्याने घेतलेले पिस्तूल काही मिनिटे हातात धरणेही तिच्यात येऊ शकते. शिक्षा १५ वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची आहे आणि देशात राहण्याचा हक्क जातो तो वेगळाच. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेला रहीफ खटला याच्या जवळचा होता. विद्यार्थी व्हिसावर आलेला तरुण विद्यापीठाने काढून टाकल्यावरही देशात राहिला, फ्लोरिडातल्या एका रेंजवर गेला, तिथे त्याने गोळ्या झाडल्या आणि बंदूक बाळगल्याबद्दल तो दोषी ठरला. बंदी ज्या स्थितीमुळे लागू होते त्या स्थितीत आपण आहोत, हे आरोपीला ठाऊक होते हेही सरकारने सिद्ध केले पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. प्रशिक्षकाने वेळीच सांगितले तर माणूस गुन्ह्यापासून वाचतो. म्हणून नाव नोंदवतानाच व्हिसाबद्दल विचारा. ग्रीन कार्डधारकाला ही बंदी लागू नाही. बाकीच्यांना शस्त्राला हात लावू देण्याआधी वकिलाकडे पाठवा. पुण्याहून पाहुणे म्हणून आलेल्या वडिलांना ‘गंमत म्हणून’ रेंजवर नेणाऱ्या मुलाला हे कोणीतरी सांगायलाच हवे.

प्रशिक्षणाचा दर्जा राज्याच्या किमान अटीवर सोडू नये, हे आमचे ठाम मत आहे. त्यासाठी काही गोष्टी प्रत्येकाला आपल्या वर्गात लगेच करता येतील. राज्याने मागितले नसले तरी प्रत्येक विद्यार्थ्याकडून प्रत्यक्ष गोळीबार करून घ्यावा. होल्स्टरमधून शस्त्र काढणे आणि परत ठेवणे आधी रिकाम्या शस्त्रावर पक्के करून घ्यावे, कारण ट्रिगरवर चुकून बोट जाते ते बहुधा याच वेळी. पोलिसाने गाडी थांबवली तर शस्त्र जवळ असल्याचे आपणहून सांगणे काही राज्यांत बंधनकारक आहे. कुठे आहे आणि कुठे नाही, हे विद्यार्थ्याच्या प्रवासाच्या वाटेनुसार शिकवावे. परवाना लागू नसलेल्या राज्यातून जाताना शस्त्र रिकामे करून, कुलूपबंद, हाती लागणार नाही असे ठेवण्याची केंद्रीय तरतूद १९८६ पासून आहे. ती तोंडी सांगून भागत नाही, पेटी पुढ्यात ठेवून करून घ्यावी. नियम बदलत असतात, म्हणून वर्गाच्या दिवशी सकाळी त्या त्या राज्याची अधिकृत माहिती पुन्हा वाचावी. आणि ज्याला शस्त्र नीट हाताळता येत नाही त्याला, त्याने शुल्क भरले असले तरी, प्रमाणपत्र देऊ नये.

या शेवटच्या मुद्द्यावर आपल्यापैकी अनेक जण अडखळतात. गिऱ्हाईक शेजारच्या प्रशिक्षकाकडे जाईल, ही भीती खरी आहे. पण आपण प्रमाणपत्र दिलेल्या गिऱ्हाइकाच्या हातून उद्या नको तिथे गोळी सुटली, तर चौकशीत कागदावरची सही वाचली जाईल, आणि ती आपली असेल.

महाराष्ट्रातल्या प्रशिक्षकांनीही हे दूरदेशीचे प्रकरण समजू नये. शस्त्र नियम, २०१६ यांनी भारतातही परवान्यासाठी शस्त्र आणि दारूगोळा सुरक्षेच्या प्रशिक्षणाची तरतूद केली आहे. सुरक्षित हाताळणी, साठवण, वाहतूक आणि कायद्याची ओळख हे विषय त्यात आहेत. इथेही प्रमाणपत्र हा अर्जाला जोडायचा आणखी एक कागद ठरू शकतो किंवा एखाद्या घरातला अपघात टाळू शकतो. दोन्हींपैकी काय व्हायचे, हे शिकवणाऱ्यावर अवलंबून आहे. नियमाने मागितलेले तास भरा, पण विद्यार्थी तयार झाल्याची स्वतःची खात्री पटेपर्यंत सही करू नका.